टरफलांचा खटला

दर वर्षी १ ऑगस्टला आमच्या शाळेत किमान चार मुले टरफले उचलायला नकार देतात. लोकमान्यांची पुण्यतिथी असते, टेबलावर हार घातलेली तसबीर असते आणि पाचवीपासून आठवीपर्यंतचे वक्ते एकामागून एक येऊन "मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफले उचलणार नाही" हे वाक्य त्याच चढ्या सुरात म्हणून जातात. सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी पंचवीस वर्षे इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते आहे. एवढ्या काळात ही गोष्ट शंभराहून अधिक वेळा माझ्या कानांवरून गेली, आणि खरे सांगायचे तर बहुतेक वेळा मी तेव्हा मागच्या रांगेतल्या मुलांना गप्प बसवण्यात गुंतलेली होते. काही वर्षांपूर्वी मात्र भाषणे संपून वर्गाकडे परतताना सातवीतल्या एका मुलाने मला विचारले, "बाई, मग शेंगा खाल्ल्या कोणी?"

मला उत्तर देता आले नाही, कारण ते गोष्टीतच नाही. गोष्टीत गुरुजी वर्गात येतात, जमिनीवर टरफले पाहतात, कोणी कबूल होत नाही म्हणून सगळ्या वर्गालाच शिक्षा करतात आणि एक मुलगा ती शिक्षा नाकारतो, एवढेच आहे. आपण सगळेच आजवर त्या मुलाच्या बाणेदारपणाकडे पाहत आलो, गुरुजींकडे कोणी फारसे पाहिलेच नाही. गुन्हा घडला असे ठरवणारे तेच, तपास करणारे तेच (तपास म्हणजे तरी काय, तर "कोणी खाल्ल्या?" हा एक प्रश्न आणि हातातली छडी), आरोप ठेवणारे तेच, निकाल देणारे तेच आणि शिक्षेची अंमलबजावणी करणारेही तेच. ही कामे फौजदारी न्यायव्यवस्थेत वेगवेगळ्या माणसांकडे का वाटून दिलेली असतात, हे बारा-तेरा वर्षांच्या मुलाला समजावून सांगण्यासाठी याहून सोपे उदाहरण मला आजतागायत मिळालेले नाही.

नागरिकशास्त्र हा आमच्याकडे इतिहासाच्या पुस्तकाच्या शेपटाला बांधलेला विषय आहे. इतिहास संपेपर्यंत फेब्रुवारी उजाडतो आणि उरलेल्या तासांमध्ये संविधान, संसद, न्यायालये असे सगळे "महत्त्वाचे प्रश्न" म्हणून उरकले जाते. मीही कितीतरी वर्षे तसेच उरकले. आठवीच्या मुलांना न्यायालयांची उतरंड पाठ असते. सर्वोच्च, उच्च, जिल्हा, कनिष्ठ अशी ती धडाधड म्हणून दाखवतात. पण गावात रात्री भांडण झाले आणि पोलीस कोणाला घेऊन गेले, तर त्या माणसाचे पुढच्या चोवीस तासांत काय व्हायला हवे, हे विचारले की वर्ग एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतो. मुलांच्या डोक्यातले कोर्ट मालिकांमधून आलेले असते. तिथे न्यायाधीश लाकडी हातोडा आपटतात, साक्षीदार गीतेवर हात ठेवतो आणि शेवटच्या पाच मिनिटांत खरा गुन्हेगार प्रेक्षकांतून उठून पळू लागतो. कलमे मात्र मुलांना दोन नक्की येतात, तीनशे दोन आणि चारशे वीस. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाचे कलम १०३ झाले आणि फसवणुकीचे ३१८, पण आमच्या गावच्या चावडीवर ही बातमी अजून पोहोचलेली नाही. १८६० सालच्या दंडसंहितेने भाषेला दिलेला "चारसोबीस" हा शब्द कोणत्याही राजपत्राने रद्द होईल, असे मला वाटत नाही.

तर पुढच्या वर्षी मी टरफलांचा खटला खरोखरच उभा केला. मंगळवारच्या बाजारातून भाजलेल्या शेंगा आणल्या आणि मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा असताना खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकाखाली टरफले टाकून ठेवली. (शेंगा शिक्षकांच्या खोलीत संपल्या होत्या; त्या अर्थाने खरे गुन्हेगार आम्ही चौघी होतो, आणि ते शेवटपर्यंत उघडकीला आले नाही.) चिठ्ठी टाकून एका मुलाला आरोपी केले आणि बाकीच्या भूमिकांसाठी हात वर करायला सांगितले. पोलीस व्हायला अकरा हात वर आले, न्यायाधीश व्हायला नऊ, सरकारी वकील व्हायला चार. आरोपीचा वकील कोण होणार, असे विचारल्यावर एकही हात वर आला नाही. "चोराची बाजू कोण घेणार, बाई?" असे पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती, प्रामाणिक आश्चर्य होते.

मी फळ्यावर "आरोपी" आणि "गुन्हेगार" असे दोन शब्द शेजारी शेजारी लिहिले आणि दोहोंत फरक काय, असे विचारले. वर्गाचे एकमत झाले की फरक काही नाही, एक जरा पुस्तकी शब्द आहे इतकेच. दुसऱ्या दिवशी मी एका वर्तमानपत्राचे जिल्हा पान वर्गात नेले आणि त्यातली "अट्टल चोरटा गजाआड" ही बातमी वाचायला दिली. त्या माणसाला आदल्या दिवशी अटक झाली होती. आरोपपत्र दाखल व्हायचे होते, साक्षीपुरावा व्हायचा होता, खटल्याचा पत्ता नव्हता, पण मथळ्याने त्याला चोरटा तर ठरवलेच होते, वर अट्टलही ठरवले होते. मुलांनी तांबड्या पेनाने त्या पानावरचे असे शब्द अधोरेखित केले, तेव्हा ते जिल्हा पान गोवर उठल्यासारखे दिसू लागले. मग ती पहिल्या बाकावरची मुलगीच आरोपीची वकील व्हायला तयार झाली. मला वाटते, तिला स्वतःच्या आधीच्या वाक्याची लाज वाटली असावी.

खटला तीन दिवस चालला आणि त्यातला पंचनाम्याचा भाग माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. पोलीस झालेल्या मुलांनी फूटपट्टीने बाकापासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजले, "पूर्वेस फळा, पश्चिमेस मागची भिंत, उत्तरेस खिडकी, दक्षिणेस दरवाजा" अशी चतुःसीमा लिहिली (जमिनीचे उतारे घरात पाहिलेली मुले ती, त्यांना हे सांगावे लागले नाही), "शेंगांची टरफले नग ४३" अशी नोंद केली आणि खाली दोन पंचांच्या सह्या घेतल्या. टरफले कागदाच्या पुडीत बांधून तीवर चिठ्ठी चिकटवली. उलटतपासणीच्या दिवशी आरोपीच्या वकिलीणबाईंनी ती पुडी टेबलावर ओतली आणि सर्वांसमक्ष एक एक करून मोजली. ती ४१ भरली. मग तिने पहिल्या पंचाला विचारले, "तुम्ही स्वतः मोजली होती का?" तो मुलगा इकडेतिकडे पाहून म्हणाला, "नाही, त्यानं सांगितलं म्हणून सही केली." वर्ग हसला. मला हसू आले नाही, कारण आमच्या वाड्यासमोरच्या घरफोडीच्या वेळी माझ्या काकांनी पंच म्हणून अशीच सही केली होती आणि पुढे कोर्टात त्यांना नेमका असाच घाम फुटला होता.

साक्षीदार मुलीने मी आरोपीला शेंगा खाताना पाहिले, असे ठणकावून सांगितले. ती कुठे बसली होती, तर शेवटच्या बाकावर. तेव्हा वकिलीणबाईंनी न्यायाधीशांना विनंती केली की त्यांनी शेवटच्या बाकावर जाऊन बसावे. न्यायाधीश झालेला मुलगा उठला, आईची काळी ओढणी खांद्यावरून सावरत मागे गेला, बसला आणि बराच वेळ पुढे पाहत राहिला. तिथून खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावरचे फक्त डोके आणि पाठ दिसते. हात दिसत नाहीत, तोंडही दिसत नाही. अखेर साक्षीदाराने मान्य केले की तिने पाहिले नव्हते, शेजारणीने तिला सांगितले होते. ऐकीव पुरावा म्हणजे काय, हे मला वेगळे शिकवावे लागले नाही. आमच्या इतिहासाच्या तासात "ध चा मा" येते, तेव्हा आता कोणीतरी हमखास विचारते की धरावे याचे मारावे केलेली ती चिठ्ठी कोणी पाहिली होती. ऑगस्ट १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला, रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून प्रत्यक्ष राघोबादादांना दोषी ठरवले, ही न्यायाच्या इतिहासातली केवढी मोठी गोष्ट आहे. पण आनंदीबाईला मात्र आपण अडीचशे वर्षे एका वाक्प्रचारात डांबून ठेवले आहे आणि तिचा खटला कधी चाललाच नाही, हे मला मुलांच्या त्या प्रश्नामुळे प्रथम जाणवले.

आरोपी सुटला. निकालपत्रात न्यायाधीशांनी "संशयाचा फायदा" हे शब्द मी सांगितले तसे लिहिले आणि पुढे स्वतःच्या मनाने जोडले, "त्याने खाल्ल्या नाहीत असे कोर्ट म्हणत नाही. त्याने खाल्ल्या हे सरकारला दाखवता आले नाही असे कोर्ट म्हणते." ही दोन वाक्ये सातवीतल्या मुलाची आहेत, यावर आमच्या मुख्याध्यापकांचा आजही विश्वास नाही. वर्ग मात्र नाराज होता. एवढे तीन दिवस घालवून गुन्हेगार सापडलाच नाही, मग कोर्टाचा उपयोग काय, असा सूर होता. गुन्हेगार शोधणे हे न्यायाधीशाचे काम नसते, समोर आणलेल्या माणसावरचा आरोप सिद्ध झाला की नाही एवढेच त्याने पाहायचे असते, हे सांगून झाले, तरी त्यांची हुरहूर गेली नाही. ती जाऊ नये असेही मला वाटते. शेंगा कोणीतरी खाल्ल्याच होत्या, आणि ज्याच्या बाकाखाली कचरा झाला त्याचीही काही तक्रार असणारच. आरोपीच्या हक्कांचे कौतुक करण्याच्या भरात फिर्यादीला विसरायचे, ही आमच्यासारख्या नव्याने शहाण्या झालेल्या शिक्षकांची खोड असते.

खटल्यानंतरच्या आठवड्यात मी वयाचा मुद्दा घेतला आणि वर्गात जो गोंधळ उडाला तो मला अजिबात अपेक्षित नव्हता. कायद्याप्रमाणे सात वर्षांखालच्या मुलाने केलेली कोणतीही गोष्ट गुन्हा ठरत नाही. सात ते बारा या वयात त्याला आपल्या कृत्याचा अर्थ आणि परिणाम कळण्याइतकी समज आलेली नसेल तरी तो गुन्हा ठरत नाही. आणि अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत त्याचे प्रकरण मोठ्यांच्या कोर्टात न जाता बाल न्याय मंडळापुढे जाते, जिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात आणि त्या दोघांपैकी एक तरी स्त्री असावीच लागते. सातवीचा वर्ग म्हणजे नेमका बाराच्या उंबरठ्यावर बसलेला वर्ग. एका मुलाने वहीच्या मागच्या पानावर आपल्या जन्मतारखेची वजाबाकी केली आणि आपण गेल्या महिन्याच्या नऊ तारखेपासून "कायद्यात आलो" अशी घोषणा केली. शेजारच्याला अजून दोन महिने होते. त्याच्याकडे सगळा वर्ग हेव्याने पाहू लागला. दोन महिन्यांत काय काय उरकता येईल, याच्या सूचना मागच्या बाकांवरून येऊ लागल्या, तेव्हा मला तास आवरता घ्यावा लागला. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला असेल तर मंडळ प्राथमिक मूल्यमापन करून त्याला मोठ्यांप्रमाणे खटल्याला सामोरे जायला पाठवू शकते, ही २०१५ च्या कायद्यातली तरतूद मी दुसऱ्या दिवशी सांगितली आणि मग हशा थोडा कमी झाला.

"विधिसंघर्षग्रस्त बालक" हा शब्द कोणाच्याही जिभेवर बसत नाही. माझ्याही बसायला वेळ लागला. सरळ "बालगुन्हेगार" का म्हणायचे नाही, असे मुलांनी विचारले तेव्हा मी त्यांना फळ्यावरच्या जुन्या दोन शब्दांची आठवण करून दिली. अशा मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, त्याला ज्या निरीक्षणगृहात ठेवतात त्याला लोक अजून रिमांड होम म्हणतात, आणि त्याचे नाव किंवा शाळा वर्तमानपत्राला छापता येत नाही. हे ऐकून एकाने विचारले, "पण गावात तर सगळ्यांना कळतंच ना?" ते खरेच आहे, आणि त्यावर कलम नाही.

सर्वांत मोठा वाद झाला तो मात्र एका म्हणीवरून. संविधानाच्या विसाव्या अनुच्छेदाप्रमाणे कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, आणि पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, असे मी सांगताच एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, कर नाही त्याला डर कशाला? ज्यानं काही केलं नाही त्यानं गप्प बसायचं कारणच काय?" सगळा वर्ग त्याच्या बाजूने झाला. ही म्हण आपल्या घराघरांत पोलिसांच्याही आधी पोहोचलेली असते. दुधाचे पातेले सांडल्यापासून परीक्षेतल्या गुणांपर्यंत प्रत्येक तपासात आईबाप ती वापरतात. मी तिला उत्तर म्हणून "चोर सोडून संन्याशाला फाशी" ही दुसरी म्हण पुढे केली आणि संन्याशाने काही केलेले नव्हते तरी त्याला डर असायला हवी होती की नव्हती, असे विचारले. वाद घंटेपर्यंत चालला. त्या गडबडीत एक मुलगी, जी एरवी एक शब्द बोलत नाही, हळूच म्हणाली, "माझ्या मामाला रात्री उचलला होता. तो काहीच बोलला नव्हता म्हणून जास्त मारलं." वर्ग एकदम शांत झाला. "उचलला" हा आमच्याकडचा शब्द आहे. त्यात अटकेचे कारण सांगणे नसते, वकील नसतो, चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे नसते. बाविसावा अनुच्छेद फळ्यावर लिहिलेला होता. मी तो पुसला नाही, पण त्यावर बोट ठेवून शिकवणेही मला त्या दिवशी जमले नाही.

आता जे लिहायचे आहे ते टाळत टाळत मी इथवर आले आहे. मी नोकरीला लागले त्यानंतरच्या चौथ्या किंवा पाचव्या वर्षी माझ्या सहावीच्या वर्गातून सहलीचे पैसे नाहीसे झाले. पाकिटात साडेतीनशे रुपये होते आणि ते तेव्हा मोठे होते. वर्गात एक पारधी वस्तीवरचा मुलगा होता. शाळेपासून ती वस्ती तीन किलोमीटर होती आणि तो पायी यायचा. मी सगळ्यांची दप्तरे तपासायची ठरवले, आणि सुरुवात त्याच्या दप्तरापासून केली. तो तिसऱ्या रांगेत बसायचा. पहिल्या दोन रांगा ओलांडून मी त्याच्याकडे गेले. माझ्या मनात काही विशेष विचार आला होता असे नाही. पाय आपोआप तिकडे वळले, आणि मला आजही त्रास होतो तो त्या आपोआपपणाचा. त्याने एक शब्द न बोलता दप्तर माझ्यासमोर पालथे केले. दोन वह्या, एक पाटी, कागदात गुंडाळलेली भाकरी आणि गोफण. मुलांनी ते सगळे पाहिले. मग बाकीच्यांची दप्तरे तपासली, ती जरा घाईतच. पैसे मिळाले नाहीत.

तिसऱ्या दिवशी हजेरी घ्यायला मी हजेरीपट उघडला, तेव्हा त्याच्या पुठ्ठ्याच्या वेष्टणात सरकलेले पाकीट सापडले. ते मीच तिथे ठेवले होते. वर्गाला मी "पैसे सापडले" एवढेच सांगितले. कुठे, ते सांगितले नाही. तो मुलगा त्या दिवशी आला नव्हता. नंतरही आला नाही. पटावर काही दिवस त्याच्या नावापुढे गैरहजेरीची खूण होत राहिली आणि मग नियमाप्रमाणे त्याचे नाव कमी झाले.

१८७१ साली इंग्रजांनी एक कायदा केला आणि काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि सोलापुरात तारांच्या कुंपणात त्यांची वसाहत झाली, जिचा भाग शहरात अजून सेटलमेंट याच नावाने ओळखला जातो. आतल्या माणसांना ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे. हजेरीच. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षे आणि सोळा दिवसांनी, तो कायदा रद्द झाला आणि या जमातींना विमुक्त म्हणू लागले. हे सगळे मला पदवीच्या अभ्यासाला होते आणि त्यावरच्या प्रश्नाला चांगले गुणही पडले होते. तिसऱ्या रांगेकडे जाताना त्याचा काही उपयोग झाला नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने आता मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला बंदी आहे. तो कायदा २००९ चा, माझे कृत्य त्याच्या आधीचे. शिवाय ज्या दिवशी कृत्य केले त्या दिवशी तो गुन्हा नसेल तर पुढे झालेल्या कायद्याने शिक्षा देता येत नाही, हेही विसाव्या अनुच्छेदातच आहे. मुलांना ते शिकवताना मला दर वर्षी किंचित सुटल्यासारखे वाटते आणि मग त्या वाटण्याची लाज वाटते.

तालुक्याच्या कोर्टात मुलांना न्यायचे ठरवले तेव्हा एका पालकाने संमतिपत्रावर सही करायला नकार दिला. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आणि तुम्ही तर पोरांना दाखवायला नेताय," असे ते म्हणाले. त्यांच्या बांधाचा दावा अकरा वर्षे चालू होता, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. फौजदारी खटला सर्वसाधारणपणे खुल्या न्यायालयात चालतो आणि जागा असेल तर कोणीही शांतपणे मागे बसून तो पाहू शकतो, ही गोष्ट मात्र गावात जवळजवळ कोणालाच ठाऊक नव्हती, हे मला त्या निमित्ताने कळले. आम्ही परवानगीचे पत्र देऊन बावीस मुले नेली. मुलांना सर्वांत आधी दिसले ते हे की हातोडा नाही. मग दिसले की गीताही नाही; साक्षीदाराने उभ्या उभ्या शपथ घेतली आणि न्यायाधीशांनी ती ऐकून घेतली. बारा वर्षांखालचे मूल साक्षीदार असेल आणि खरे बोलण्याचे कर्तव्य त्याला समजत असूनही शपथेचा अर्थ कळत नसेल, तर त्याला शपथ न देताही त्याची साक्ष घेता येते, असे मी त्यांना बसमध्ये सांगितले होते. त्यामुळे आमच्या त्या दोन महिने शिल्लक असलेल्या मुलाने बाहेर आल्यावर "मी खरं बोलतो, पण शपथ घेत नाही" असे जाहीर केले.

आत मात्र कोणी ओरडत नव्हते. पट्टेवाल्याने दाराशी उभे राहून नावाचा पुकारा केला, वकील हळू आवाजात काहीतरी म्हणाले, न्यायाधीशांनी त्याहून हळू आवाजात पुढची तारीख दिली, आणि फडक्यात बांधलेल्या कागदांचा एक गठ्ठा टेबलाच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला गेला. असे सात-आठ वेळा झाले. मुले कंटाळली. एकाने माझ्या कानात विचारले, "बाई, खटला कधी सुरू होणार?" मी म्हटले, हाच खटला. व्हरांड्यात एक बाई पितळी डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या मुलाला कारागृहातून तारखेला आणणार होते आणि पोलिसांची गाडी आलेली नव्हती. तो अजून दोषी ठरलेला नव्हता. आपल्या देशातल्या तुरुंगांमध्ये दर चार कैद्यांमागे जवळजवळ तीन असेच कच्चे कैदी आहेत. परतल्यावर आम्ही फळ्यावर गणित केले: साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा, पूर्वी कधी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे त्याला बंधपत्रावर सोडायला हवे, म्हणजे किती? "एक वर्ष," असे सगळे एका सुरात म्हणाले. मग ज्या मुलीच्या मामाला उचलले होते तिने विचारले की एक वर्षानंतर तो निर्दोष सुटला तर ते वर्ष कोण परत देणार. शिवाय पाच हजारांपेक्षा कमी किमतीच्या पहिल्याच चोरीला, माल किंवा त्याची किंमत परत केल्यावर, आता समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे, हेही मी सांगितले. समाजसेवा म्हणजे काय काय करायचे, यावर बराच वेळ गेला. "टरफलं उचलायची," असे कोणीतरी म्हणालेच.

टिळकांवर पुढे खरोखरीचा खटला झाला, हे मुलांना भाषणातून कळत नाही. भाषण टरफलांवरून थेट सिंहगर्जनेवर जाते. जुलै १९०८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात, न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे, नऊ ज्यूरींपैकी सात जणांनी त्यांना दोषी आणि दोघांनी निर्दोष ठरवले, आणि सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. त्यांनी स्वतःचा बचाव स्वतःच केला होता, आणि ज्यूरींनी काहीही ठरवले तरी आपण निर्दोष आहोत, असे शिक्षा ऐकण्यापूर्वी सांगितले होते. आमच्या वकिलीणबाईंनी हे ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारला तो असा की त्यांना वकील मिळाला नव्हता का. मिळू शकला असता, त्यांनीच घेतला नाही, असे सांगितल्यावर ती म्हणाली, "घ्यायला पाहिजे होता." ती आता दहावीत आहे.

या वर्षी जूनच्या शेवटी सातवीतल्या एका मुलीची नवी स्टीलची पाण्याची बाटली वर्गातून गेली. मी पोहोचले तेव्हा मुलांनी फिर्याद लिहायला घेतली होती. बाटलीचे वर्णन, शेवटची पाहिल्याची वेळ, बुडाशी कोरलेले नाव, सगळे नोंदवून त्यांनी ते फिर्यादी मुलीला मोठ्याने वाचून दाखवले, तिची सही घेतली आणि मग तिला फिर्यादीची एक प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे, असे मला ऐकवले. झेरॉक्सचे दोन रुपये मी दिले. मग एकाने दप्तरे तपासू या म्हटले, तेव्हा दुसरा म्हणाला की तपासायची तर सगळ्यांची तपासा, दोन पंच बोलवा, आणि बाईंची पर्सही टेबलावर ठेवा. मी पर्स उघडून ठेवली. किल्ल्या, रक्तदाबाच्या गोळ्या, खडूचे दोन तुकडे, एसटीचा पास आणि एक जुने बिल निघाले. ते पाहून झाल्यावर मुलांची बरीच कुजबुज झाली आणि दप्तरे न उघडायचे ठरले, कारण त्या दिवशी वर्गात दोन वर्गांची मुले येऊन गेली होती आणि फक्त आपल्याच वर्गाची झडती घेणे बरोबर नाही, असे बहुमताने म्हणणे पडले. चार जणांचे जबाब झाले. त्यातल्या दोघांनी बाटली निळी होती असे सांगितले, एकाने हिरवी, आणि चौथ्याने आपण त्या दिवशी शाळेतच नव्हतो असे सांगितले. हजेरीपट उघडून पाहिला तर ते खरे निघाले. बाटली अद्याप सापडलेली नाही.